खेळाचा दुसरा भाग

आजच्या भाषणाचा विषय ऐकून कित्येक वडीलधाऱ्या मंडळींच्या कपाळाला आठी पडण्याचा संभव आहे. व्हिडिओ गेम म्हणजे मुलांच्या डोळ्यांची आणि अभ्यासाची नासाडी. तिचा इतिहास तो काय सांगावयाचा, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या वस्तूवर घरातील मुले आपला वेळ आणि आईबाप आपला पैसा खर्च करतात, ती वस्तू विचार करण्याच्या योग्यतेची नाही असे कसे म्हणावे? शिवाय या खेळांच्या इतिहासात एक असा प्रश्न दडलेला आहे, की तो ग्रंथकार, शिक्षक आणि कारागीर या सर्वांना सारखाच पडत आलेला आहे. लोकांना एक वस्तू आवडली, तिचा पुढचा भाग त्यांनी मागितला. तो कसा करावा? जुनेच पुन्हा दिले तर लोक विचारतात, यात नवे ते काय? सारेच नवे दिले तर विचारतात, आमचा खेळ कोठे गेला? या दोन तक्रारींच्या मधून जो वाट काढतो, तोच चांगला दुसरा भाग होय. ती वाट कशी सापडते, हे आज पाहावयाचे आहे.

हा प्रश्न पडद्यावरच्या खेळांनी प्रथम निर्माण केला, असे मात्र नव्हे. आपल्या घरातील सोंगट्यांचा पट घ्या. वेरूळच्या लेण्यांत शिव आणि पार्वती फाशांचा डाव मांडून बसलेली कोरलेली आहेत. यावरून पटावरील खेळांचा नाद आपल्या देशात किती जुना आहे हे दिसून येईल. चौपटीच्या कापडी पटावर चार जण बसत, समोरासमोरचे दोघे एकमेकांचे भिडू असत, आणि सोळा सोंगट्या फाशांच्या वा कवड्यांच्या दानाने पट फिरून घरी येत. हाच खेळ १८९६ साली इंग्लंडात लुडो या नावाने पेटंट होऊन बाजारात आला. कापडाच्या जागी पुठ्ठा आला, कवड्यांच्या जागी सहा बाजूंचा घनाकृती फासा आला, भिडूची पद्धत मागे पडली आणि जो तो आपापल्यापुरता खेळू लागला. एवढे बदलूनही खेळ ओळखू येतो. याचे कारण असे, की घरातून निघावे, पट फिरावा, वाटेत मारले जाऊन पुन्हा आरंभापासून सुरुवात करावी, आणि शेवटी घर गाठावे, हे त्यातले मर्म शाबूत राहिले.

याच लुडोचा तिसरा अवतार आपल्या महाराष्ट्रातच झाला आहे. नवी मुंबईच्या गेमेशन या कंपनीने २०१६ साली ‘लुडो किंग’ हा मोबाईलवरील खेळ काढला. २०२० च्या टाळेबंदीत माणसे घरोघरी अडकून पडली, तेव्हा पुण्याचा नातू आणि गावाकडची आजी एका पटावर बसण्याचा योग या खेळाने आणला आणि तो लाखो घरांत पोचला. येथे नवी गोष्ट खेळाच्या नियमांत नव्हती. एका घरात चार माणसे जमत नाहीत, ही जुन्या पटाची अडचण होती. ती या खेळाने दूर केली.

यावरून पहिला धडा मिळतो. प्रत्येक खेळाला एक नाडी असते. खेळताना खेळाडूच्या मनात क्षणोक्षणी जो प्रश्न उभा राहतो, ती त्याची नाडी. सोंगट्यांचा प्रश्न असा, की ही सोंगटी पुढे न्यावी, की मागची वाचवावी? साहित्य बदला, नाव बदला, देश बदला. हा प्रश्न राहिला तर खेळ राहतो.

नाडी बदलली म्हणजे काय होते, याचे उदाहरण सापशिडीत आहे. आपल्याकडील मोक्षपट, ज्याचे कर्तृत्व परंपरा श्रीज्ञानदेवांकडे देते, आणि उत्तरेकडील ज्ञानचौपड यांच्या घराघरांत गुणांची व दोषांची नावे लिहिलेली असत. जैनांच्या पटात सामान्यतः ८४ घरे, वैष्णवांच्या पटात ७२. सद्गुणाच्या घरी शिडी, दुर्गुणाच्या घरी साप, आणि शेवटी मोक्ष. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा खेळ इंग्लंडात गेला. प्रथम त्यांनी आपल्या समजुतीप्रमाणे गुणदोषांची चित्रे घातली, पुढे तीही नाहीशी झाली व घरांवर नुसते आकडे उरले. अमेरिकेत १९४३ साली तर सापच काढून त्यांच्या जागी मुलांची घसरगुंडी आणण्यात आली. खेळ जगला, खूप विकलाही गेला, हे खरे. परंतु ‘आपण कोणत्या दोषाने खाली आलो?’ हा मूळचा प्रश्न जाऊन ‘दान किती पडले?’ एवढाच प्रश्न उरला. आज सापशिडी खेळणाऱ्या मुलास ती कशाची पुढची आवृत्ती आहे, याची वार्ताही नसते. वंश चालला, पण आडनाव बदलले, असे म्हणावे लागते.

आता पडद्याकडे वळू. १९८० साली जपानच्या नामको कंपनीने ‘पॅक-मॅन’ नावाचा खेळ काढला. त्याची कल्पना तोरू इवातानी या तरुणाची. नाणे टाकून चालणाऱ्या यंत्रात एक पिवळा गोल चेहरा भुलभुलैयातून ठिपके खात हिंडतो आणि चार भुते त्याचा पाठलाग करतात, इतकाच तो खेळ. जगभर त्याचे वेड लागले. परंतु थोड्याच काळात निष्णात खेळाडूंच्या ध्यानात आले, की भुतांच्या हालचाली ठराविक आहेत. अमुक वळणाने गेले म्हणजे भूत अमुकच बाजूने येणार. मग वाटा पाठ झाल्या आणि पाढे म्हणावेत तसा खेळ चालू लागला. विचार संपला, पाठांतर उरले.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स संस्थानातील जनरल कॉम्प्युटर या लहानशा कंपनीच्या तरुणांनी हे नेमके हेरले. त्यांनी पॅक-मॅनच्या यंत्रात बसवावयाचा एक सुधारणेचा संच तयार केला. मिडवे कंपनीने तो घेतला, आणि १९८२ साली ‘मिस पॅक-मॅन’ या नावाने तो बाजारात आला. एका भुलभुलैयाच्या जागी चार आले. भुतांच्या हालचालीत अनिश्चितता आली. पूर्वी एका जागी बसणारे फळ आता वाटांतून हिंडू लागले. आणि पिवळ्या चेहऱ्यावर तांबडी फीत चढली. ठिपके खाणे आणि भुतांना चुकविणे हे जसेच्या तसे राहिले. आजही जाणकार लोक दुसऱ्या भागांच्या उत्तम नमुन्यांत या खेळाचे नाव घेतात. त्यांनी खेळ मोठा केला नाही. जेथे तो मृत झाला होता, तेथे त्यात प्राण घातला. दुसरा भाग करणाऱ्याचे पहिले काम नवीन सुचविण्याचे नसून जुन्यातील मेलेली जागा शोधण्याचे आहे, हा दुसरा धडा.

तिसरा धडा मारिओच्या खेळाने दिला. निंटेंडो या जपानी कंपनीचा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ १९८५ साली निघाला. मिशावाला ठेंगणा नळकारागीर उड्या मारीत राजकन्येस सोडवावयास जातो, ही कथा आपल्याकडील मुलांनाही परिचित आहे. १९८६ साली जपानात दुसरा भाग आला. दिसावयास तो हुबेहूब पहिल्यासारखा, पण फार कठीण. पहिल्या भागात अळंबी खाल्ली म्हणजे मारिओ मोठा होई. येथे विषारी अळंबी ठेवली, ती खाल्ली की घात. पहिल्या भागात चोरवाट पुढे नेई. येथे काही चोरवाटा खेळाडूला उलट मागे आणून सोडीत. अमेरिकेतील मंडळींना हा भाग आपल्या गिऱ्हाइकांना नकोसा होईल असे वाटले. त्यांनी तो घेतलाच नाही आणि ‘डोकी डोकी पॅनिक’ या निराळ्याच जपानी खेळात मारिओची पात्रे बसवून १९८८ साली त्यालाच दुसरा भाग म्हणून विकले.

माझा सारा जन्म शाळेत गेला. म्हणून या गोष्टीचे मर्म मला शाळेच्याच भाषेत सांगता येईल. पाचवीचे पुस्तक पूर्ण झाल्यावर मुलांना सहावीचे पुस्तक द्यावयाचे असते. पाचवीचाच पेपर अधिक अवघड काढून त्यास सहावी म्हणता येत नाही. आणि गणिताच्या पुस्तकास भूगोलाचे वेष्टण घालूनही चालत नाही. जपानी दुसरा भाग पहिल्या जातीचा होता, अमेरिकी दुसरा भाग दुसऱ्या जातीचा. अमेरिकी भाग गमतीचा होता आणि त्यातील काही पात्रे पुढे मारिओच्या घरचीच होऊन बसली, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तथापि पुढची खरी इयत्ता जपानात १९८८ सालीच निघालेल्या तिसऱ्या भागाने उघडली. त्यात उडी तीच, धाव तीच. परंतु कोणत्या वाटेने जावयाचे हे काही अंशी ठरविण्यास नकाशा मिळाला आणि शेपटीचा पोशाख घालून आकाशात उडताही येऊ लागले. जुन्या विद्येचा उपयोग होतो आणि नवी विद्याही शिकावी लागते, असे ज्या वर्गात घडते तोच वरचा वर्ग.

याच निंटेंडोच्या ‘झेल्डा’ या खेळाने दुसरे टोक दाखविले. १९८६ च्या पहिल्या भागात प्रदेश वरून पाहिल्यासारखा दिसे. १९८७ च्या दुसऱ्या भागात लढाया बाजूने दिसू लागल्या व खेळाची चालच पालटली. १९९१ च्या तिसऱ्या भागात कर्त्यांनी पुन्हा वरून पाहण्याची मूळ पद्धत धरली. याच मालिकेत २०१७ चा भाग गाजल्यानंतर २०२३ साली त्याचा उत्तरभाग निघाला. त्यात त्यांनी बव्हंशी तोच प्रदेश पुन्हा वापरला, त्यावर आकाशातील बेटे व खाली भुयारे जोडली, आणि खेळाडूस लाकूड, चाके, पंखे जुळवून वाहने बांधण्याची शक्ती दिली. पूर्वी जी दरी वळसा घालून ओलांडावी लागे, तिच्यावर आता पूल रचता येऊ लागला. भूमी तीच, पण पाहणाऱ्याचे हात नवे. नवेपणा नेहमी नव्या जागेतच असतो असे नाही.

हे सारे सूत्रात बांधण्याचा यत्न ‘सिव्हिलायझेशन’ या खेळाच्या कर्त्यांनी केला. सिड मायर व ब्रूस शेली यांनी १९९१ साली काढलेल्या या खेळात खेळाडू एखाद्या राष्ट्राचा कारभार आदिकाळापासून आधुनिक युगापर्यंत चालवितो. याचे पुढचे भाग करताना त्या मंडळींनी एक नियम पाळला: एक तृतीयांश जुने तसेच ठेवावे, एक तृतीयांश सुधारावे, एक तृतीयांश नवे घालावे. २०१० च्या पाचव्या भागात पूर्वीची चौकोनी घरे जाऊन षट्कोनी आली, आणि एका घरात सैन्याच्या अनेक तुकड्यांची रास रचण्याची मुभा जाऊन एका घरात एकच लढाऊ तुकडी हा नियम आला. जुन्या भागांत सैन्यांचे ढीग एकमेकांवर आदळत. आता डोंगर, नदी व खिंड यांचा विचार करावा लागू लागला. येथेही मेलेली जागाच जिवंत केली गेली.

परंतु याच पाचव्या भागाची दुसरी एक गोष्ट आम्हा वर्ध्याकडच्या माणसांच्या मनाला लागणारी आहे. पहिल्या भागापासून या खेळात भारताचे नायक महात्मा गांधी. पाचव्या भागाच्या कर्त्याने थट्टेखातर खेळातील गांधीजींची अणुबाँब वापरण्याची प्रवृत्ती मुद्दाम सर्वांत अधिक ठेवली. पुढे काही वर्षांत अशी कथा पसरली, की १९९१ च्या मूळ खेळातच आकडेमोडीचा दोष होता. गांधीजींचा आक्रमकपणा शून्याखाली जाऊन एकदम २५५ वर चढे, आणि ते सर्वांवर बाँब टाकीत. ही कथा इतकी सर्वतोमुखी झाली, की शहाणीसुरती माणसे ती दाखला म्हणून सांगू लागली. २०२० साली सिड मायर यांनी आपल्या आत्मचरित्रात स्पष्ट लिहिले, की असा दोष मूळ खेळात कधी नव्हताच. म्हणजे दुसऱ्याने केलेली थट्टा पहिल्याच्या चरित्रात मागाहून शिरली. आमच्या नालवाडीपासून सेवाग्राम फार दूर नाही. ज्या कुटीत तो पुरुष राहिला, ती पाहिलेल्यास या थट्टेचे हसू येणे कठीण. २०२५ साली सातवा भाग निघाला तेव्हा त्यात भारताकडून सम्राट अशोक उभा राहिला, ही गोष्ट निराळी. सांगावयाचे ते एवढेच, की पुढचा भाग हा मागच्या भागाच्या स्मृतीचाही विश्वस्त असतो. त्याने मागच्यास जे चिकटविले, ते लोक मागच्याचेच समजू लागतात.

गांधीजींचे नाव निघाले म्हणून खेळांच्या बाहेरचे एक उदाहरण सांगतो. १९२९ साली अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके व उचलून नेता येण्याजोगे असावे. ते हाताने अथवा पायाने खेड्यातील झोपडीत चालावे. एखाद्या बाईस त्यावर फार श्रम न होता आठ तास काम करता यावे. किंमत दीडशे रुपयांहून अधिक नसावी. आणि नीट निगा राखल्यास ते वीस वर्षे टिकावे. सूत पुष्कळ निघावे अशी अट होतीच, पण ती एकटी नव्हती. चरखा कोणासाठी आहे, हे त्यांनी आधी निश्चित केले आणि मग वेगाची अपेक्षा केली. ते बक्षीस कोणास मिळाले नाही. केवळ सूत अधिक निघते म्हणून अटी सैल करण्यात आल्या नाहीत. पुढे १९३२ च्या अखेरीस विनोबा नालवाडीस येऊन राहिले व केवळ सूतकताईच्या मजुरीवर निर्वाह होतो काय, याचा प्रयोग त्यांनी स्वतःच्या देहावर केला. साधन सुधारावयाचे तर ते वापरणाऱ्याच्या जागी बसून पाहावे, ही त्या प्रयोगामागची दृष्टी खेळ करणाऱ्यांनाही उपयोगी पडेल.

कारण हल्ली एक नवीनच संकट उभे राहिले आहे. ग्रंथाची दुसरी आवृत्ती निघाली म्हणून कोणी आपल्या कपाटातली पहिली आवृत्ती नेत नाही. परंतु जे खेळ कंपनीच्या दूरच्या यंत्रांवर चालतात, त्यांचे तसे नाही. ‘ओव्हरवॉच’ हा २०१६ चा खेळ लोकांनी पैसे देऊन घेतला होता. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याचा दुसरा भाग आला आणि पहिला बंद करण्यात आला. कथेच्या रूपाने खेळावयाच्या ज्या मोठ्या विभागासाठी दुसरा भाग म्हणून गाजावाजा झाला होता, त्याची मूळ योजना २०२३ साली सोडून देण्यात आली. नवे आवडले नाही तर जुन्याकडे परतावे, हा वाचकाचा व प्रेक्षकाचा जुना हक्क येथे खेळाडूस उरला नाही.

दुसरे संकट वार्षिक आवृत्त्यांचे. फुटबॉलच्या ‘फिफा’ या मालिकेत दरसाल नवा भाग निघे. त्यातील २०१९ साली निंटेंडोच्या स्विच यंत्रासाठी निघालेला भाग आदल्या वर्षीचाच खेळ, फक्त संघ व पोशाख नवे, असा होता. नव्या वर्षाचे पंचांग घ्यावे लागते, कारण तिथी बदलतात. परंतु पंचांगास कोणी ग्रंथाचा दुसरा खंड म्हणत नाही. क्रिकेटच्या बाबतीत आपल्या देशात याच्या उलट चमत्कार घडला. ईए कंपनीने २००६ च्या अखेरीस ‘क्रिकेट ०७’ काढला आणि पुढचा भाग काढलाच नाही. तेव्हा खेळाडूंनीच नवे संघ, नवे पोशाख, नवी मैदाने तयार करून तो जुना खेळ वर्षानुवर्षे चालू ठेवला. दुसरा भाग कंपनीने दिला नाही, म्हणून लोकांनी तो घरी केला. खेळावर खरी मालकी कोणाची, याचे उत्तर या हकीकतीत आहे.

आता हा प्रश्न आपल्या दारी आला आहे. नॉटिलस मोबाईल कंपनीची ‘रिअल क्रिकेट’ ही मालिका एकामागून एक भागांनी चालत आली. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० साली ‘राजी’ हा आपल्या पुराणकथांवर उभारलेला खेळ जगापुढे ठेवला. आपल्या तरुणांनी पहिला भाग करता येतो हे दाखविले आहे. दुसऱ्या भागाची परीक्षा त्याहून कठीण असते. पहिल्या भागास कोणी वाट पाहणारा नसतो. दुसऱ्या भागाची वाट पाहणारे असतात, आणि त्यांनी दिलेला विश्वास हेच त्याचे भांडवल असते.

आईबापांसाठी एक व्यवहाराची गोष्ट सांगून हे भाषण पुरे करतो. मुलगा नव्या भागासाठी पैसे मागू लागला म्हणजे त्यास एकदम ‘नाही’ म्हणू नये, आणि एकदम ‘हो’ही म्हणू नये. त्यास तीन प्रश्न विचारावेत. जुन्या खेळातले तुला जे आवडत होते, ते यात आहे काय? जुन्यात जे कंटाळवाणे झाले होते, ते यात सुधारले आहे काय? आणि हा घेतल्यावर जुना तुझ्यापाशी राहणार आहे काय? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे देताना मुलास आपल्या आवडीचे कारण शोधावे लागेल. तिसऱ्याचे उत्तर देताना विकत घेणे आणि भाड्याने घेणे यांतला भेद कळेल. खेळ घेतला जावो वा न जावो, एवढा विचार घरात झाला तरी पुष्कळ झाले.